गझालाने होड्या वगळल्या नाहीत

बोरी अरबच्या जहीर मिस्त्रीची मुलगी गझाला एका खाजगी बंदरात नोकरीला लागली, तेव्हा ती तिथे नेमकं करते काय, हे गावात कोणाला उमगलं नाही. जहाजातून तेल उतरवताना आग लागू शकते का, लागली तर कुठवर जाईल, हे आधीच शोधायचं, असं ती सांगायची. लोक मान हलवायचे आणि तिच्या लग्नाचं विचारायचे.

मग त्याच बंदराच्या नव्या तेलधक्क्याची पाहणी तिच्याकडे आली. धक्क्याला खेटूनच कोळ्यांच्या होड्या जात. होडीत स्टोव्ह पेटलेला, वर भात. जहाजातून उतरवताना नळी फुटून पेट्रोल पाण्यावर पसरलं, तर त्याची वाफ त्या स्टोव्हपर्यंत सहज पोचणार होती. तिने धोका मोठा असल्याचं लिहिलं. होड्या बंदराच्या नाहीत, त्या वगळून पुन्हा लिही, असं तिच्या साहेबांनी बजावलं. ती नाही म्हणाली आणि रजा टाकून ईदला घरी आली.

साहेबांचा फोन तिथेही आला. अहवाल बदलून सही कर, नाहीतर परत येऊ नकोस. जहीरभाई शेजारीच ट्रॅक्टर खोलून बसले होते.

"कायले भांडून राह्यली? मारून दे ना सही."

"अब्बा, त्या होडीत मानसं रायतात. ते नाहीतच, असं मी कसं लिहू?"

जहीरभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. गझालाने त्यांच्यादेखतच फोनवर सांगितलं, "सर, माझी सही मिळणार नाही."

नोकरी गेली. सही दुसऱ्या कोणी केली. पण धक्क्याची जनसुनावणी अजून व्हायची होती. गझाला तिथे गेली आणि कोळ्यांमध्ये उभी राहिली. या बाई आता आमच्याकडे नाहीत, असं साहेबांनी मंचावरून सांगितलं.

"म्हणूनच आज बोलता येतंय," ती म्हणाली, आणि आग कुठून कुठे जाईल ते तिने सगळ्यांना समजावलं.

धक्का काही रद्द झाला नाही. मात्र होड्यांना लांबून वेगळी वाट दिल्याशिवाय तेल उतरवायचं नाही, अशी अट परवान्यात घातली गेली.

आता ती गावी राहून, मालक बोलावतील तशी, जिल्ह्यातल्या पेट्रोल पंपांची तपासणी करते. मारेगावच्या एका मालकाने टँकर रिकामा होत असतानाच विक्री चालू ठेवली होती. तिने ती तिथल्या तिथे बंद करायला लावली. त्याने तिला पुन्हा बोलावलं नाही. जहीरभाई ही हकीकत गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात.