पाखऱ्यासाठी नेलेली सुरी

अकोल्याच्या स्टेशनवर उतरलो तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं, आणि त्यात मार्चच्या उन्हाचा वाटा थोडाच होता. भुसावळच्या पुढे पिशवीतल्या औषधाच्या बाटलीचं बूच सैल झालं आणि सगळा डबा नाक धरून बसला. समोरच्या पागोटेवाल्या गृहस्थांनी विचारलं, “काहून जी, मेलेलं का घेऊन चालले?”

“मेलेलं आणायला चाललोय,” मी म्हटलं. ते उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.

खोटं नव्हतं ते. पुण्याच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो, आणि निघालो होतो एका म्हाताऱ्या बैलाच्या मांडीच्या तुकड्यासाठी. प्राण्याच्या प्रत्येक पेशीत तंतुकणिका नावाचे अतिसूक्ष्म दाणे असतात. खाल्लेलं अन्न आणि श्वासातला प्राणवायू यांतून अंगातली ताकद तिथं तयार होते. पेशीच्या चुलीच म्हणा. कबुतराची छाती या चुलींनी गच्च भरलेली असते, म्हणून ते तासन्‌तास उडतं. कोंबडीच्या छातीत त्या थोड्या, म्हणून ती कुंपणापर्यंत उडाली तरी दमते. पण जास्त चुली म्हणजे लवकर राख, असा हिशेबही जुळत नाही. उंदीर दोन-तीन वर्षांत आटोपतो आणि त्याच्याच वजनाचं वटवाघूळ रात्र रात्र उडूनही दहा-पंधरा वर्षं सहज काढतं. चुलीची घडण कशी, यावरच बरंच काही ठरत असावं. आणि ही घडण बापाकडून नव्हे, आईकडून येत असावी असा माझा संशय होता. आईच्या अंड्यात या कणिका भरपूर असतात, बापाच्या बीजात नावाला. कॉलेजात हे बोललं की लोक चहा मागवत.

अकोल्याच्या एका सरकारी कचेरीतल्या साहेबांनी मला पाखऱ्याबद्दल पत्र लिहिलं होतं. पाखऱ्या हा मोर्शीकडच्या एका गावातला शंकरपटाचा (बैलजोड्यांच्या शर्यतीचा) बैल. चौदाव्या वर्षापर्यंत तो पळला आणि आता बावीस वर्षांचा होऊन मरणाला टेकला होता. त्याच वळूचा, त्याच गोठ्यातला, तोच चारा खाल्लेला राजा नावाचा बैल मात्र अर्ध्या पटात धापा टाकायचा आणि दहाव्या वर्षीच गेला. बाप एक, मग फरक कशाचा? मी साहेबांकडे नोंदवही मागितली. वहीत दोघांच्या नावापुढे वळूचा नंबर सुरेख अक्षरात होता.

“आणि आया?” मी विचारलं.

“गाईचं काय लिहायचं? गाय म्हणजे गाय.”

एवढी जाडजूड वही, आणि अर्धी जात तिच्यातून गाळलेली. मी चहा न पिता उठलो. साहेबांना राग आला असेल तर येवो, मला आधीच आला होता.

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावती, तिथून मोर्शीची एसटी. वाटेत इंजिनाचं पाणी उकळलं म्हणून ड्रायव्हरनं गाडी एका संत्र्याच्या बागेपाशी उभी केली. माळ्यानं न विचारता दोन संत्री हातावर ठेवली आणि “खा जी, पुन्याले अशी भेटत नाई,” म्हणाला. संत्री खरोखर गोड होती. तेवढा अर्धा तास मी कुणावर चिडलो नाही.

मोर्शीला मला न्यायला दमणी (हलकी, वरून झाकलेली बैलगाडी) आली होती. हाकणारा किसन हा पाखऱ्याच्या मालकाचा, भाऊसाहेबांचा, सालदार. म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतीत राबणारा गडी. चाळिशीचा, सडपातळ, डोक्याला पांढरं फडकं. पाखऱ्याला वासरापासून त्यानंच वाढवला होता आणि पटातही त्यानंच हाकला होता. मी राजाचा विषय काढला तर तो हसला.

“राजाची माय बजारातून आनली होती. पाखऱ्याची माय ढवळी. ढवळीची माय चांदी, चांदीची माय मोरनी, मोरनीची माय कपिली. कपिलीले माह्या आज्यानं पायलं होतं. पटाचा बैल मायवर जाते जी. बाप तं काय, कोनाचाबी असते.”

सरकारच्या वहीत नव्हतं ते सगळं त्या माणसाच्या डोक्यात होतं. मी दमणी हिंदकळत असताना नावं लिहून घेतली. तोही मला विचारत होता, मी काय काम करतो, कशावर करतो. मी फुशारकीनं सांगितलं, “बारा वर्षं झाली, बेडूक, उंदीर, ससे फाडतोय. डोळे मिटून फाडीन.”

भाऊसाहेबांकडे जेवण उत्तम झालं. ज्वारीची भाकर, कढीगोळे (डाळीचे गोळे सोडलेली कढी), वर ठेचा. जेवताना ओसरीवरून दिसलं की अंगणात किसनला पाणी दिलं ते वरून, ओंजळीत. मी ते पाहिलं आणि आणखी एक गोळा वाढून घेतला. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी वाटली नव्हती.

सकाळी उठलो तर पाखऱ्या नुकताच गेलेला होता. किसन त्याच्या मानेपाशी बसला होता. तुकडा टिकवायचं माझं औषध तयार होतं. तुकडा तासाभरात त्यात पडायला हवा, नाहीतर कणिका विरघळून जातात आणि सगळी यातायात फुकट.

भाऊसाहेब दारातून म्हणाले, “किसन, याले नाल्यावर वढून ने. कातडं काढ, अन्‌ प्रोफेसर साहेबाले काय पायजे ते काढून दे.”

किसन उठून उभा राहिला. “ते काम आमी सोडलं, भाऊसाहेब. छप्पन साली धर्म घेतला तवापासून. तुमाले ठाऊक हाये.”

“पाडवा आठ रोजावर हाये. साल तिथून नवं धरा लागते, हेबी ठाऊक ठेव.”

पाडव्याला सालदाराची बोली नव्यानं होते. ती झाली नाही तर त्याच्या घरची चूल कशावर पेटायची, हे तिथं उभ्या प्रत्येकाला कळत होतं. मलाही. आणि मी काय केलं? मी घड्याळ पाहिलं आणि शहाणपणा केला.

“किसनराव, हे शास्त्राचं काम आहे, यात जातीचा प्रश्न नाही. तुम्हा लोकांना या कामाची सवय आहे, मला नाही.”

त्यानं माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं.

“काल दमणीत तुमीच सांगत होते जी, बारा वर्सं झाले फाडून राहिलो म्हनून. मंग सवय कोनाले झाली? सुरी तुमची, औषद तुमचं. मी याले चारलं, धुतलं, पळवलं. मी नाई फाडत.”

एवढं बोलून तो फावडं घेऊन बांधाकडे गेला. मला त्याचा भयंकर राग आला. एवढ्या लांबून आलो, एक तुकडा मागतो, तर हा अडून बसतो. उंदराला सुरी लावताना कधी न थबकलेला माझा हात बैलाच्या नावानं मागे आला होता, आणि त्याला मी सवय नसणं म्हणत होतो. भाऊसाहेबांनी शेजारच्या दोन गावांत निरोप धाडले. तिथूनही नकारच आला. मी ओसरीवर बसून वाट पाहत राहिलो. ऊन गोठ्यात शिरलं, माश्या आल्या. तीन तास गेले.

मग मी उठलो आणि स्वतः तुकडा कापला. दोन मिनिटांचं काम होतं.

किसन परतला तेव्हा त्याच्या अंगाला माती होती आणि हातात दोर होते. बरोबर त्याचे दोन भाऊ. “बांधावर खड्डा केला,” तो भाऊसाहेबांना म्हणाला. “वढाचं काम आमचं म्हनून नाई, पाखऱ्या माहा म्हनून हात लावतो. पन एक दोर तुमच्या घरच्यानं धरला पायजे.”

भाऊसाहेबांचे दोन्ही मुलगे आत निघून गेले. चौथा दोर मी धरला. दोरानं हात सोलले, दोनदा पडलो, आणि चौघांनी मिळून त्या म्हाताऱ्या हाडांना बांधापर्यंत नेलं. भाऊसाहेब मागून आले आणि एवढंच बोलले, “पाडव्याले दुसरं घर पाय.”

“पायतो जी,” किसन म्हणाला आणि माती लोटत राहिला.

मी तिथं काहीतरी बोलायला हवं होतं. पोटात भाऊसाहेबांची भाकर होती आणि दुपारची एसटी चुकवायची नव्हती. मी पिशवी उचलली. मोर्शीपर्यंत पायी गेलो, आणि सबंध वाटेवर मी ज्याला शिव्या दिल्या तो माणूस माझ्याच चपला घालून चालत होता.

पुण्यात काचपट्टी तयार करून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कणिका नव्हत्या. नुसता लगदा होता. टिपणवहीत कपिलीपासून ढवळीपर्यंत चार गाईंची नावं तेवढी शाबूत होती. पाखऱ्या का पळला आणि राजा का नाही, याबद्दल माझ्या हाती तेवढंच लागलं.

आमच्या विभागाचे प्रमुख काचपट्टीवरून डोळा काढत म्हणाले, “उशीर केलात. त्या कामाचा माणूस घ्यायचा होता हाताशी. तिकडे मिळतात.”

“होता, सर. बारा वर्षांचा अनुभव होता त्याला. तीन तास ओसरीवर बसून राहिला.”

“मग काढून टाकायचा त्याला.”

“त्याला नाही काढला,” मी म्हणालो. “दुसऱ्याला काढला.”