मशीनचा हार

झेंडूचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी गावाकडच्या आरोग्य केंद्रात माझ्या वहिनीला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. भाऊ कामाला मुंबईत, सोबत मी एकटी. मुठीएवढं तोंड, पाठीवर लव, आणि पाय गार पडत चाललेले. कोपऱ्यात बाळांना ऊब देणारं कोरं करकरीत मशीन उभं होतं. आदल्या दिवशी त्याची पूजा झालेली, कुंकू लावून झेंडूचा जाडजूड हार घातलेला. “सिस्टर, हिला त्यात ठेवा ना!” मी ओरडले. सिस्टर म्हणाली, “त्याचा प्लग मोठा हाय, भिंतीतल्या बोर्डात बसत नाय. वायरमन नुसता येतो येतो म्हणतोय.” मी बाळाला ओढणीत गुंडाळून छातीशी धरलं. रत्नागिरीला न्यायला गाडी येईपर्यंत ती गारठून गेली. “कमी दिवसांची होती, जगायची नव्हतीच,” सगळे म्हणाले. बोर्ड बदलला नाही म्हणून गेली, हे कुणी म्हणालं नाही. आता मी शिवणकाम करते. दर दसऱ्याला शेजारीण विचारते, “मशीनला हार नाय घातलास?” मी सांगते, “माझं मशीन चालतंय. त्याला हार कशाला?”