वरचे दोन दात

मी वाचायला शिकले ती जयंतीच्या आणि मोर्च्यांच्या पत्रकांवर. एका बाजूला छापील मजकूर, मागच्या कोऱ्या बाजूला माझं शुद्धलेखन. अन्याय दिसला की तोंड उघडायचं, हे तिथंच शिकले. पण मी तोंड उघडलं की लोकांना आधी दात दिसत. पुढचे दोन्ही तपकिरी, आडव्या पट्ट्यांचे. बारामतीच्या कॉलेजात भाषणाला उभी राहिले की मागून हमखास आवाज येई, "बाई, मिश्री कमी लाव!"

तंबाखूला मी कधी बोटही लावलं नव्हतं. शेवटी दाताच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "हे वरून चढलेलं नाही. पक्के दात लहानपणी हिरडीच्या आत घडतात. तेव्हा तुमच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असणार, ते दाताच्या कवचातच मुरलं. घासून जायचं नाही."

तशीच वरकुट्याला घरी आले, तर वहिनी बोअरचं पाणी उकळत होती. भाचीसाठी. ती नुकती चालायला लागलेली.

"वहिनी, हे पाणी पोरीला द्यायचं नाही."

"उकळून देती की, वन्सं!"

"उकळून जंतू मरतात. फ्लोराइड तसंच राहतं, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं."

आई मध्येच म्हणाली, "तुझा एक तरी दात किडला का? बोअरला नावं ठिवू नगंस."

मी भांडले. पाणी तपासून आणलं. बोअरचं वाईट निघालं, गावातल्या नळाचं चांगलं. पण नळ आमच्या वस्तीपर्यंत येत नव्हता. दादा एवढंच म्हणाला, "दूध घालायला जातूयच, येताना कॅन भरून आणीन." डेअरीवरचे त्याला चिडवत, "दुधात घालायला पाणी नेतूस व्हय रं?"

पुढं वर्षानुवर्षं नुसती वाट. दुधाचे दात पांढरे होते, पण त्यावरून पक्क्या दातांचं काहीच कळत नाही. भाची हसली की मी तिच्या हिरडीकडं बघायचे.

परवा वहिनीचा फोन आला. "वन्सं, वरचं दोन दात आलं. पन कड करवतीवानी हाय."

दुसऱ्याच दिवशी दोघींना बारामतीला बोलावलं आणि भाचीला भेळ कबूल करून त्याच डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी दिवा जवळ ओढला, दात कापसानं कोरडे केले आणि बराच वेळ पाहिलं.

"नव्या दातांची कड अशीच असते, झिजून सरळ होते. ही पुसट पांढरी रेघ तेवढी आधीच्या बोअरच्या पाण्याची. ती वाढणार नाही. बाकी दात छान आहेत. मागचे अजून आत घडताहेत, तेव्हा नळाचंच पाणी चालू ठेवा."

इतका वेळ मी उभीच होते. आता स्टुलावर बसले, पुन्हा उठून वाकून पाहिलं. पांढरे. खरंच पांढरे.

"बास की वन्सं," वहिनी डोळे पुसत म्हणाली, "मिटू द्या तिला तोंड, माशी जाईल!"

भाचीनं तोंड मिटलं, गाल चोळले आणि विचारलं, "आत्या, आता भेळ?"