वाचून न दाखवलेला कागद

मोमिनपुऱ्यातले इनायतुल्ला वकील म्हणजे मोठे विक्षिप्त गृहस्थ. कोर्टात जाणारा कोणताही कागद ते आधी पक्षकाराला त्याच्या बोलीत वाचून दाखवत आणि शेवटी विचारत, "पटते का गा?" पक्षकारानं मान डोलावली तरच सही. नाही डोलावली, तर कागद टराटरा फाडून नवा लिहायला बसत. पुस्तकं बांधणाऱ्या जिल्दसाजाचा हा पोरगा अलाहाबादेहून वकिली शिकून आला, म्युनिसिपालटीत निवडून गेला, पुढे कौन्सिलात बसला, पण ही खोड काही गेली नाही. त्यांच्या मुन्शीनं तर कपाळाला हात लावला होता.

पाचपावलीच्या शालिकराम कोष्ट्याचं घर मात्र या खोडीनंच वाचलं. शेजारच्या ठेकेदारानं त्याच्या अंगणावर दावा ठोकला होता. वकीलसाहेबांनी त्याचा जबाब वाचून दाखवला, तेव्हा शालिकराम चाचरत म्हणाला, की विहीर उगवतीला नाही, मावळतीला आहे. एवढा शिकलेला माणूस आता आपल्यावर उखडणार, असं त्याला वाटलं. साहेबांनी कागद फाडला आणि दोघांसाठी चहा मागवला. पुढे अख्खा मुकदमा त्या विहिरीवरच फिरला. अंगण राहिलं, अंगणातला माग राहिला. तेव्हापासून साहेबांसाठी काहीतरी करावं, हे शालिकरामच्या मनानं घेतलं होतं.

सदतीस सालच्या निवडणुकीत ती संधी आली. साहेब उभे होते आणि शालिकरामला जन्मात पहिल्यांदा मताचा हक्क मिळाला होता. नवसासारखी ही गोष्ट त्यानं मनात ठेवली, बायको भागीरथेशिवाय कोणाला बोलला नाही. मतदानाच्या दिवशी माग बंद ठेवून, लग्नातलं पागोटं बांधून तो केंद्रावर गेला.

तिथल्या कारकुनानं सांगितलं, की इनायतुल्ला वकील तुमच्या यादीत नाहीत. मुसलमानांची जागा वेगळी, तिला मतंही मुसलमानांचीच.

"काहून?" शालिकराम म्हणाला. "मुकदम्यात तं मी त्यायले वेगळा नव्हतो."

मागचे लोक हसले. कोणाला मत द्यायचं ते आटप, असं कारकून म्हणाला, तर हा पठ्ठ्या मत न देताच घरी आला. पागोटं सोडून मागावर बसला. त्याला फार लागलं होतं.

साहेब निवडून आले. हार घालायला आलेल्यांत शालिकराम कसा नाही, म्हणून त्यांनी चौकशी केली. झाली हकीकत कळली, तसे दुसऱ्या दिवशी सकाळीच टांग्यानं पाचपावलीला आले. हातात एक पिवळा पडलेला कागद होता. शालिकराम नको नको म्हणत असताना शेरवानीसकट मागाच्या, पाय सोडायच्या खड्ड्याच्या काठावर बसले.

तो कागद म्हणजे वीस वर्षांपूर्वी त्यांनी आणि आणखी काही मंडळींनी सरकारकडे केलेला अर्ज. आम्ही मुसलमान थोडे, या गर्दीत आमचा निभाव लागायचा नाही, आमच्या जागा आणि आमचे मतदार वेगळे करा. ती भीती खोटी नव्हती, हेही साहेबांनी सांगितलं. मग त्यांनी कागदाची घडी उलगडली.

"साऱ्यायले कागद वाचून दाखोतो मी, शालिकराम. हा तेवढा तुले दाखोला नाही."

आणि त्यांनी तो इंग्रजी अर्ज पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वऱ्हाडीत वाचून दाखवला. शालिकरामनं धोटा बाजूला ठेवून सगळा ऐकला. वाचून झाल्यावर साहेबांनी सवयीनं विचारलं, "पटते का गा?"

शालिकराम पेचात पडला. या माणसावर त्याचा देवाखालोखाल जीव होता. पण नाही पटलं तर नाही म्हणायचं, हे त्याला शिकवलं होतं तेही याच माणसानं.

"नाही पटत, साहेब."

साहेबांच्या दोन्ही हातांची बोटं कागद फाडायला वरच्या कडेवर गेली आणि तिथंच थांबली. हातात होती ती नक्कल. मूळ कागद सही होऊन वीस वर्षांपूर्वीच सरकारात गेला होता.