कुणाच्या डोळ्यात न खुपणारा रंग

आमच्या समोरच्या घरातले काका पलसाण्याच्या, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधून निवृत्त झालेत. बोलताना दर दोन वाक्यांनी ते 'बराबर ना?' विचारतात आणि समोरचा मान हलवेपर्यंत थांबतात.

दिवाळीआधी त्यांनी हॉल रंगवायला काढला. रंगांचं कार्ड घेऊन सगळ्या मजल्यांवर फिरले. "कुणाच्या डोळ्यात खुपायला नको," म्हणायचे.

काकू पक्षाघात झाल्यापासून त्याच हॉलमध्ये पलंगावर पडून असतात. कार्ड बघायला मी गेले, तेव्हा त्या सावकाश म्हणाल्या, "माले पिवळा जोयजे."

काका मला म्हणाले, "आजारी माणसाचं काय मनावर घ्यायचं? बराबर ना?"

हॉल बिस्किटी झाला. दिवाळीला आलेल्या प्रत्येकाने 'शांत वाटतं' म्हटलं. काका खूश झाले आणि चहा टाकायला आत गेले. तेवढ्यात काकूंनी मला उशी पायथ्याकडे घ्यायला सांगितलं. मी त्यांना फिरवून निजवलं. आता त्यांच्यासमोर भिंत नव्हती, उघडं दार होतं. जिन्यातून जाणाऱ्या बाईकडे बघून त्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांना पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजवलं. मला म्हणाले, "दारातून आलेल्या माणसाला आधी तिचं वाकडं तोंड दिसतं. बरं नाही दिसत."