आत्तीच्या मशीनची जप्ती

कोर्टाचं समन्स हाताला लागलं नाही तर दावा चालतच नाही, असं आमच्या शुक्रवार पेठेतल्या समस्त जाणकारांचं ठाम मत होतं. या जाणकारांपैकी एकानंही कधी कोर्टाची पायरी चढलेली नव्हती, हे मला जरा उशिराच कळलं.

दावा होता ग्रामोफोनचा. मी तेव्हा सोलापुरात एका गिरणीच्या हपिसात कारकून होतो, अंगात कोट होता आणि लग्न व्हायचं होतं. या तिन्ही गोष्टींमुळे घरात ग्रामोफोन पाहिजेच, असं माझ्या डोक्यानं घेतलं. शेटजींच्या दुकानातून तो मी हप्त्यानं उचलला. पहिले काही हप्ते अगदी थाटात भरले. मग एके दिवशी आतली स्प्रिंग तुटली. तबकडीवर गाणारी बाई आधी घोगरी झाली, मग तिचा पुरुष झाला आणि मग ती कायमची गप्प बसली! मी शेटजींना म्हटलं, "आधी बाईला बोलती करा, मग हप्ता." शेटजी म्हणाले, "आधी हप्ता, मग बाई." या तात्त्विक मतभेदात दोन-अडीच वर्षं निघून गेली. ग्रामोफोनच्या कर्ण्यात आत्ती लसूण ठेवू लागली आणि आपण कुणाचं देणं लागतो हे मी साफ विसरून गेलो. शेटजी विसरले नव्हते.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले, तेव्हा ती नातेपुत्याहून पदर खोचून आली ती मला वाढवायलाच. शिवणाच्या हातमशीनवर ती पेठभरच्या बायकांच्या चोळ्या, पोरींचे परकर आणि तान्ह्या बाळांच्या कुंच्या शिवायची. माझ्या पगारावर घर चालतं असं मी बाहेर सांगत असे. (माझ्या पगारात माझी इस्त्री आणि विडीकाडी चालत असे. घर मशीनवर चालत असे.)

तर एका सकाळी खिडकीतून पाहतो, तो पट्टा लावलेला कोर्टाचा बेलिफ आमचं दार विचारत येतोय.

"आत्ती, मी घरात नाही!"

"आरं, हायस की हितं समोर!"

"नाही म्हणून सांग. नातेपुत्याला गेलाय म्हण!"

एवढं बोलून मी धान्याच्या कणगीमागं दडी मारली. बेलिफ दारात आला. माणूस सभ्य होता. "बाळकृष्णराव आहेत का?"

"न्हाय. नातेपुत्याला गेलाय," आत्ती म्हणाली. तिथवर झकास जमलं होतं.

"कधी येणार?"

आत्तीला एका वेळी एकच खोटं बोलता येत असे. ती आत वळून ओरडली, "बाळ्या, कदी येणार म्हणून सांगू रं?"

कणगीमागं मी श्वास रोखून बसलो. बेलिफानं एक सुस्कारा टाकला. असे नातेपुत्याला गेलेले लोक त्यानं आयुष्यात पुष्कळ पाहिले असावेत. "राहू द्या मावशी. हा कागद मी दारालाच चिकटवून जातो. तसा कायदा आहे. जरा खळ मिळेल का?"

आता आमच्या शेजारी रामय्याचा हातमाग. सुताला लावायची खळ त्याच्याकडं कायमची शिजलेली. आत्तीला वाटलं, प्लेगची सुई टोचणाऱ्यांचा कागद असेल. ती लगबगीनं रामय्याकडून वाडगाभर खळ घेऊन आली. वर पुन्हा दारात उभी राहून देखरेखही केली! "असा वाकडा नगा लावू. सरळ लावा की. ते वरचं टोक सुटलंय बगा. हां, आता कसं लई ब्येस!" मग त्या बेलिफाला तिनं गूळ घातलेला चहा पाजला आणि तो दुवा देऊन निघून गेला.

मी विजयी मुद्रेनं बाहेर आलो. "कागदाला माझा हात लागला नाही बरं का! दावा संपला!"

माग चालवणाऱ्या माणसाची ती खळ. कागद दारावर असा बसला की पाण्यानं निघेना, विळीनं खरवडून निघेना. येणारे-जाणारे तो वाचत आणि माझ्याकडं पाहून मान हलवत. मी त्या कागदाखालून ताठ मानेनं हपिसाला जात राहिलो. तारीख आली, तारीख गेली. मी काही कोर्टात फिरकलो नाही. ज्याला समन्स मिळालंच नाही तो माणूस जाईल कशाला? मी हजर नाही म्हटल्यावर कोर्टानं एकतर्फी हुकूमनामा करून टाकला आणि तोच बेलिफ जप्तीचं वॉरंट घेऊन पुन्हा आमच्या दारात उभा राहिला. या खेपेला बरोबर शेटजींचा मुनीमही होता.

आत्तीनं त्याला ओळखलं. "या, या! कागुद अजून तस्साच हाय बगा, जरासुदिक हलला न्हाय!"

बेलिफाला मनापासून वाईट वाटत होतं. भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरूण त्यानं सोडून दिलं, कायद्यानं ते घेता येत नाही म्हणाला. मुनीम ग्रामोफोनपाशी गेला, कर्ण्यात डोकावला आणि लसणीचा वास येताच नाक धरून मागं सरला. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या मशीनवर गेली.

"हे कुणाचं?"

"माजं," आत्ती म्हणाली.

"पावती आहे?"

"हाय की! न्हाय कशी?" आत्तीनं मोठ्या तोऱ्यात ट्रंकेतून पावती काढली. पावती माझ्या नावाची होती! नातेपुत्याच्या बाजारात स्वतःच्या शेळ्या विकून तिनं मशीन घेतलं होतं. पण पावतीवर बाईमाणसाचं नाव घालायची रीत नव्हती. दुकानदारानं विचारलं होतं, "घरात पुरुषमाणूस कोण?" आणि आत्तीनं कौतुकानं मला पुढं केलं होतं. तेव्हा मी शाळेत जात होतो आणि माझं नाकही मला पुसता येत नव्हतं.

मशीन गेलं. दिवाळी तोंडावर आलेली. घरात निम्म्या पेठेचं कापड बेतून पडलेलं. आत्ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं! ती खिडकीपाशी बसून हातानं टाके घालू लागली. मशीनचा तो कटकट आवाज नसलेलं घर मला खायला उठायचं. सुई बोटात घुसली की ती नुसतं "आई गं" म्हणायची आणि पुन्हा शिवायला लागायची. मला त्या दिवसांत माझ्या त्या कोटाची फार लाज वाटली. तोही तिनंच शिवला होता.

शेवटी मी एका वकिलाकडं गेलो. पोटापाण्याची घाई नसलेले, मिशीतल्या मिशीत हसणारे म्हातारे गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "समन्स घेतलं नाहीत? वा! खळही घरचीच? वा वा! आता हुकूमनामा काही पुसत नाही. पण मशीन आत्याबाईंचं आहे, त्यांनी स्वतः हरकतीचा अर्ज द्यावा. तुम्ही फक्त खरं सांगा."

"कोर्टात?"

"हो. तिथंच सांगायचं असतं."

अर्ज झाला. तारखेला मी आत्तीला घेऊन वेळेच्या आधी हजर. जप्तीचं मशीन कोर्टातल्याच टेबलावर आणून ठेवलेलं. आत्तीनं आधी त्याच्यावरची धूळ पदरानं पुसली, मग जज्जसाहेबांना नमस्कार केला.

शेटजींचा वकील तरणा, चपळ आणि भलताच हुशार. झग्याच्या लांबलचक बाह्या झटकत तो उठला. "साहेब, पावती बाळकृष्णरावांच्या नावाची आहे. मशीन त्यांचं, त्यावर जोडधंदा म्हणून शिवणकाम करतात तेही तेच! साक्षीदार बोलवा."

साक्षीदार कोण? तर आमचा रामय्या! बिचारा शपथ घेऊन पिंजऱ्यात उभा राहिला. माझ्याकडं बघवेना त्याला.

"बाळकृष्णराव मशीनबद्दल तुम्हाला काय म्हणाले होते?"

रामय्या पुटपुटला, "मशीन मी घेतलो म्हणाले."

"आणखी?"

"हा कोट मी स्वता शिवलो म्हणाले. कट्ट्यावर बसून, सगळ्यांसमोर." मग माझ्याकडं वळून काकुळतीनं, "बाळूराव, शपथ घातली की हो मला!"

कोर्टात हशा पिकला. आणि हे खरं होतं! एका संध्याकाळी कट्ट्यावर कोटाची तारीफ झाली तेव्हा मी ही लोणकढी ठोकून दिली होती. आता तीच माझ्या आत्तीचं मशीन घेऊन चालली होती.

मला पिंजऱ्यात बोलावलं. निम्मी पेठ मागच्या बाकांवर बसलेली. हपिसातले दोघे तर खास रजा काढून आलेले! "मशीन कुणाचं?" जज्जसाहेबांनी विचारलं.

मी सरळ सांगून टाकलं. "आत्तीचं, साहेब. पैसे आत्तीचे. शिवते आत्ती. घर चालवते आत्ती. त्यात माझी आहे ती फक्त बढाई."

"हा आता मशीन वाचवायला खोटं बोलतोय!" तरणा वकील ओरडला. "याला उत्तम शिवता येतं!"

इतका वेळ गप्प असलेली आत्ती ताडकन उठली. "ह्याला? शिवता येतं? सायेब, मशीन हितंच हाय. सांगा की ह्याला शिवायला!"

जज्जसाहेबांना गंमत वाटली असावी. त्यांनी मान हलवली. मी मशीनपुढं बसलो. दोरा ओवायला घेतला. सुईचं नेढं कुठं असतं ते आधी शोधलं. (हातशिवणीच्या सुईला ते वर असतं. मशीनच्या सुईला खाली असतं. हे मला त्या दिवशी कळलं!) दोरा चाटला, पिळला, पुन्हा चाटला. सगळं कोर्ट माझ्याबरोबर श्वास धरून बसलेलं. शेवटी आत्तीला राहवलं नाही. "सर तिकडं!" म्हणून तिनं एका झटक्यात दोरा ओवला, खाली फडकं सरकवलं. "आता नुसतं चाक फिरीव. तेवडं तरी जमंल न्हवं?"

"साहेब, हे सोंग आहे!" वकील तरातरा आला आणि माझी लबाडी जवळून पकडायला थेट मशीनवर वाकला. मी घाबरून डोळे मिटले आणि सगळा जोर लावून चाक फिरवलं. कट-कट-कट-कट! मशीन सुसाट धावलं. डोळे उघडले तेव्हा फडकं भुईवर पडलेलं होतं. सुईखालून गेली होती ती वकिलाच्या काळ्या झग्याची बाही, आणि तिच्याबरोबर माझ्या कोटाची!

वकील उठायला गेला. मीही उठलो. तो बसला. मी बसलो. तो डावीकडं ओढायला लागला, मी त्याच्यामागं फरपटत निघालो. नवराबायको सप्तपदी चालतात तसे आम्ही दोघं टेबलाभोवती अर्धी फेरी मारून आलो!

"साहेब, टाका पडला!" वकील तशातही हटेना. "म्हणजे याला शिवता येतं!"

जज्जसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला होता. "वकीलसाहेब, ज्याला शिवता येतं तो स्वतःला विरुद्ध बाजूच्या वकिलाला शिवून घेत नाही."

"मावशी, उसवा हो हे!" वकील रडकुंडीला आला.

आत्तीनं कमरेची कातर काढली आणि हातातच धरून ठेवली. "उसवते की. पर आदी सायेबांनी सांगावं, मशीन कुणाचं?"

आमचे म्हातारे वकील मिशीतून खुदकन हसले. जज्जसाहेबांनी लेखणी उचलली. "मशीन बाईंचं. जप्ती उठवली. आता सोडवा दोघांना."

आत्तीनं तोंडभर हसून एकेक टाका अलगद काढून दिला. वकिलाच्या झग्याला भोकसुद्धा दिसलं नाही. नंतर त्यानं घरच्या मंडळींच्या चोळ्या आमच्याकडंच शिवायला टाकल्या! मशीन मी डोक्यावर घेऊन घरी आणलं, आणि शेटजींचं देणं पगारातून कापून दर महिन्याला मुकाट्यानं फेडलं. त्या दिवाळीत आमच्या घरात कटकट-कटकट असा आवाज चालू होता आणि तो ऐकत मी पोटभर रडून घेतलं, हे कबूल करायला आता हरकत नाही.

पुढं माझ्यासाठी मुली सांगून येऊ लागल्या. मुलीकडचे रीतसर विचारत, "मुलाच्या अंगात काय गुण आहेत?" आत्ती मशीनवरची मान वर न करता, अगदी सरळ मनानं सांगायची, "तसा पोरगा लई गुणाचा. पर येत मात्र काईच न्हाय. कोर्टात शाबीत झालंय!"