गेंड्याचे डोळे

पनवेलच्या आमच्या शाळेत प्रदर्शनासाठी कोट्यवधी वर्षांपूर्वीचा गेंडा हवा होता, बिनशिंगी. शिंग उत्क्रांतीत नंतर आलं, हे मुलांना दाखवायचं होतं. त्यासाठी गणपती घडवणारे एक कारागीर आले. नाव विचारायचं राहूनच गेलं. शाडूचा गेंडा झकास झाला. शेवटी त्यांनी श्वास रोखून डोळ्यांची आखणी केली आणि माझं डोकंच फिरलं. गेंडा आशीर्वाद दिल्यासारखा बघत होता!

"अहो, जंगली जनावर आहे हे! एवढी माया कशाला?"

त्यांनी ब्रश कानावर खोचला. "सर, यांचा वंश बुडाला ना?"

"हो."

"मंग डोळे बरोबर हायत. अशी नजर घेऊन जंगलात कोन टिकतंय?"

उद्घाटनाला आलेल्या मुख्याध्यापिकांनी गेंड्यासमोर आधी चपला काढल्या.